मावळतीची खिडकी

लेकरू रडत नव्हतं, त्यानंच माझं काळीज हाललं. दुपारच्या सुट्टीत मी खडीच्या कामावरून पळत यायची, छाती दुधानं भरून आलेली असायची, अन् दवाखान्याची पायरी चढायच्या आधीच मला कांतीचं रडनं ऐकू यायचं. त्या दिवशी काईच ऐकू आलं न्हाई. दार उघडं. आत कोनी न्हाई. मावळतीच्या खिडकीच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या, अन् तिच्यातून जे येऊन राहिलं व्हतं ते वारं नव्हतं, भट्टीचं तोंड उघडावं तसं व्हतं. झोळी त्या खिडकीला लागूनच. म्या हात घातला तर कातडी कोरडी ठक्क, तव्यावानी. घाम न्हाई. डोळे अर्धे उघडे अन् बुबळं वर गेलेली. ओठाला दूध लावलं तर तोंड हालेना. म्या तिला उचललं अन् दारात आले अन् ओरडायला लागले, काय ओरडले ते मला आठवत न्हाई.

एका अंगानं ठकूमावशी येऊन राहिली, डोक्यावर हंडा, कडेवर कळशी. टँकर आला म्हनून ती पान्याला पळाली व्हती. ठकूमावशी म्हंजे दवाखान्याची झाडलोट करनारी. अन् दुसऱ्या अंगानं, वस्तीच्या वाटेनं, काळी छत्री घेतलेली शिष्टरबाई. ती बाळंतपनाला गेली व्हती. माझा आवाज ऐकून तिनं छत्री तिथंच टाकली अन् पळाली. लेकरू माझ्याकडून हिसकून घेतलं. मंग तिनं त्या खिडकीकडं पाहिलं. मला तिचं ते पाहनं अजून दिसतं. जसं घरच्याच मानसानं दगा द्यावा अन् आपन त्याच्या तोंडाकडं पाहत राहावं, तसं.

ती खिडकी उघडी काहून व्हती, ते सांगायचं तर मला ही बाई सांगावी लागती. न्हाईतर तुमी बी गावासारखंच म्हनाल.

तिचं नाव अम्मिणी. केरळातली. आमचं गाव औंढ्याकडच्या डोंगराच्या पायथ्याला, तिथं ह्या नावाचं मानूस कोनी ऐकलेलं नव्हतं, म्हनून सगळे शिष्टरबाईच म्हनायचे. दुष्काळाच्या साली दिवाळीच्या सुमाराला ती यष्टीतून उतरली, एक ट्रंक, खोबरेल तेलाचा डबा अन् ती छत्री. पाऊस न्हाई पडला म्हनून आमच्या घरात चुली पेटायची मारामार अन् ही बाई छत्री घेऊन आली, म्हनून बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तिनं पहिलं काय इचारलं असंल तर, "नदी कुठं आहे?" ठकूमावशीनं तिला वढा दाखवला. त्यात शेळ्या बसलेल्या. शिष्टरबाई काठावर बराच येळ उभी राहिली अन् म्हनाली, "पाणी कधी येते?" ठकूमावशी म्हनाली, "आलं तर सांगावा धाडील."

ती सावळी, उंच, केसाला एवढं तेल की पाठीवर चोळीला डाग. रोज अंघोळ करायची, एका तांब्यात का व्हईना. पान्याची एवढी तकलीफ, तरी तिची अंघोळ चुकली न्हाई, अन् ते अंघोळीचं पानी ती घमेल्यात धरायची अन् त्यानंच फरशी पुसायची. मराठी बोलायची ती अर्धी मराठी अर्धी हिंदी, बाईला गडी म्हनायची अन् गड्याला बाई. कोनी हसलं तर आपन बी हसायची. रागावली की तिच्या भाषेत बोलायची, अन् ते आयकायला एवढं गोड वाटायचं की लोक तिला मुद्दाम चिडवायचे.

कांती तिच्याच हातानं झाली. ती आल्यावर गावातलं पहिलं बाळंतपन माझं. मी लई भेले व्हते. माझी माय माझ्या जन्माच्या येळीच गेलेली, त्याच्यानं मला वाटायचं आपलं बी तसंच व्हनार. शिष्टरबाईनं माझं डोकं मांडीवर घेतलं अन् म्हनाली, "गंगू, तू ओरड. आमच्याकडे समुद्र ओरडते, कोणी त्याला गप म्हणत नाही." मंग मी ओरडले. लेकरू हातात आल्यावर तिनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हनलं, "मोळे." मोळे म्हंजे तिच्या भाषेत लेक. त्या दिवसापासून कांती आमाला कांती अन् तिला मोळे.

थंडी पडली तवा ती रडकुंडीला आली. तिचे ओठ फाटले, टाचा फाटल्या, हाताची साल निघायला लागली. मला हात दाखवून म्हनाली, "गंगू, मी वाळून चालली." म्या तिला मेंढीच्या दुधाचं लोनी दिलं. तिला वासच सहन व्हईना, पन लावलं. तवा तिनं मला सांगितलं की तिच्या गावाला कातडी कधी फाटत न्हाई. तिथं हवेतच पानी असतं. मानूस नुसतं बसलं तरी अंग ओलं. धुतलेलं लुगडं दोन दोन दिवस वाळत न्हाई, त्याला कुबट वास येतो. पावसाळ्यात चपलेवर हिरवी बुरशी चढती, लोखंडाचा खिळा हात लावला की भुगा व्हतो, अन् मिठाच्या मडक्यात सकाळी बघावं तर मीठ न्हाई, पानी. हे सांगताना तिनं माझ्या मिठाच्या गाडग्यात हात घातला अन् ते खडे बोटानं खुळखुळवले. "कोरडा," ती म्हनाली. "किती कोरडा."

पन इथलं एक तिला लई नवल वाटायचं. लुगडं वाळत घालून दुसरं पिळायला वाकलं की पहिलं वाळलेलं. ती टाळी वाजवायची. "तुमच्या सूर्याला भूक लई," म्हनायची.

दवाखान्यात औषधं कमी अन् बसायला जागा जास्त. म्हनून बाया बसायच्या अन् शिष्टरबाई बोलायची. ठकूमावशीला समुद्र काई केल्या समजंना.

"सिद्धेश्वरच्या धरनाएवढा का?" ठकूमावशी इचारायची. तिनं धरन एकदा पाहिलेलं.

"मोठा."

"दोन धरनं?"

"मावशी, पलीकडचा काठ नाहीच."

"मंग अडवलंय कशानं?"

"नाही अडवला."

"न अडवता थांबतंय व्हय. येडी समजून राहिली का मला?"

सगळ्या हसल्या. शिष्टरबाई हसली न्हाई. तिनं फरशीवर बोटानं रेघ काढली अन् सांगितलं, ही आमच्या गावाची जमीन, एवढीच, करगोट्यावानी बारीक. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला साचलेलं शांत पानी, त्याच्यात होड्या. मधल्या पट्टीवर पांढरी वाळू अन् नारळाची झाडं, सगळी समुद्राकडं वाकलेली, जशी पानी प्यायला वाकली. नारळाची सालं पान्यात कुजत घालतात, तो वास परक्याला सोसत न्हाई, पन तिला त्या वासानं भूक लागती. झाडावर मिऱ्याचे येल चढलेले. सकाळी धुकं पान्यावरून उठतं तवा होडी दिसत न्हाई, नुसता वल्ह्याचा आवाज येतो. अन् भर पावसात, जवा समुद्र घरं गिळायला उठतो, तवा एखाद्या गावाम्होरं पानी अचानक थंड पडतं, तेल ओतल्यावानी. बाजूला लाटा डोंगराएवढ्या अन् तेवढाच तुकडा गप. तिथं मासा जमतो. लोक होड्या घेऊन पळतात, लहानथोर सगळे. कोनत्या गावाला ते पानी मिळंल ते कोनालाच ठाव नसतं. तिच्या लहानपनी एकदा त्यांच्या गावाला मिळालं व्हतं. "माझा बाप त्या दिवशी नाचला," ती म्हनाली.

मी म्हनले, "एवढं पानी सोडून इथं काहून आल्या?"

ती म्हनाली, "गंगू, ते पाणी प्यायचा नाही. खारा. माझी आई हंडा घेऊन होडीत बसून दूर जायची. मी पण. चहूकडे पाणी आणि हंडा रिकामा."

ठकूमावशीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, अन् मंग तेल लागलं म्हनून पदराला पुसला.

अन् ती वाऱ्याचं सांगायची. तेच मला नीट सांगायचंय. तिच्या गावाला समुद्र मावळतीला. सकाळी हवा कोंडलेली असती, मानूस गुदमरतं. पन सूर्य डोक्यावर आला की समुद्राकडून वारा सुटतो, गार, ओला, जिभेला खारट. तवा सगळ्या बाया आपली लेकरं मावळतीच्या ओसरीत आनतात. पाळना म्हना, चटई म्हना, सगळं मावळतीला. लेकरं आपोआप निजतात, कोनाला अंगाई म्हनावी लागत न्हाई. "आमची अंगाई तो वारा म्हणतो," ती म्हनायची. तिला बिनवाऱ्याचं जमायचंच न्हाई. दवाखान्याच्या खिडक्या ती सदा उघड्या ठेवायची, मावळतीची तर आधी. आली तवापासून. थंडीत काई झालं न्हाई. शिमग्यानंतर ठकूमावशी म्हनायला लागली, "शिष्टरबाई, दुपारची ती खिडकी लावत जा. आमी आमच्या घराची मावळत बंद ठेवतो." ती म्हनायची, "मावशी, बंद खोलीत आजार राहते." तिला तसंच शिकवलेलं. अन् ती स्वतः दुपारची फिरतीवर असायची, नायतर माघारच्या खोलीत. तिनं इथला वैशाख अजून पाहिलेलाच नव्हता.

दुष्काळी कामावर न्हाई गेलं तर नाव कटायचं. माझे मालक, कांतीचा बाप, मेंढरं घेऊन सिद्धेश्वरच्या काठाला गेलेले, तिथं थोडा चारा व्हता. सासू न्हाई, माय न्हाई. कामावर लेकरं बाभळीखाली ठेवायची, तिथं सुरुंगाचे दगड उडायचे. शिष्टरबाईनंच म्हनलं, "मोळेला इथं ठेव." म्हनून मी ठेवायची.

त्या दिवशी काय झालं ते तिनंच मला सांगितलं, काई लपवलं न्हाई. वस्तीवरून बाळंतपनाचं बोलावनं आलं तवा सूर्य डोक्यावर यायला थोडाच बाकी व्हता. खोलीत कोंडलेलं. कांती घामानं भिजून किरकिर करून राहिली व्हती. शिष्टरबाईनं मनात म्हनलं, आता वारा सुटंल. अन् तिनं झोळी आढ्याच्या मधल्या कडीवरून सोडली अन् मावळतीच्या खिडकीच्या कडीला बांधली. फळ्या पुऱ्या उघडल्या. ठकूमावशीला म्हनली बस, अन् गेली. लेकरू झोपलं. ठकूमावशीला टँकरचा आवाज आला. गावात त्या आवाजाला कोन बसून राहतं? ती म्हनाली आत्ता येते, अन् तिथं रांग लागली.

वारा सुटला. बराबर येळेला सुटला, तिच्या गावावानीच. पन आमच्याकडं तो समुद्रावरून येत न्हाई, उघड्या माळावरून अन् तापलेल्या काळ्या दगडावरून येतो.

लेकरू हिसकून घेतल्यावर शिष्टरबाईनं खिडकी लाथेनं लोटली. कांतीच्या अंगावरचं सगळं काढलं. आपलं पांढरं लुगडं अर्धं फाडलं. ठकूमावशी दारात हंडा घेऊन उभीच व्हती, तिच्या घरी सून अन् नातवंडं त्या पान्याची वाट पाहत असतील. शिष्टरबाईनं तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवला, इचारलं न्हाई. लुगड्याच्या पट्ट्या भिजवल्या अन् कांतीच्या काखेत, मांडीत, मानेला, डोक्याला लावल्या, वाळल्या की परत भिजवल्या. त्या लगेच वाळायच्या. मला म्हनाली, "वारा घाल." मी सुपानं वारा घातला. ठकूमावशी कांदा ठेचून तळपायाला चोळत बसली. हंडा संपला तवा ठकूमावशीनं आपल्या हातानं कळशी पुढं सरकवली.

शिष्टरबाई तिच्या भाषेत एकसारखं काईतरी म्हनून राहिली व्हती. देवाचं व्हतं का नुसतं मोळे मोळे व्हतं, मला समजलं न्हाई. तिच्या तोंडावर घाम न्हाई, पानी न्हाई, सगळं त्या लेकरावर.

ऊन उतरायच्या येळेला कांतीनं पाय हालवला. मंग रडली. बारीक, मांजराच्या पिल्लावानी. म्या तिला छातीला लावलं तर तिनं तोंडात घेतलं, सोडलं, परत घेतलं. ठकूमावशी भिंतीला टेकून रडायला लागली. शिष्टरबाई उठली अन् बाहेर गेली. मला वाटलं हात धुवायला गेली, पन पानी कुठं व्हतं. ती मावळतीच्या भिंतीशी उभी व्हती, बाहेरून, त्या झळीत, तोंड वाऱ्याकडं करून. बराच येळ. मी बोलावलं तरी आली न्हाई.

गावात व्हायचं ते झालं. बाया रांगेत म्हनायच्या, "समुद्रावरच्या बाईनं लेकरू भाजून काढलं." कोनी म्हनायचं तिनं मुद्दाम केलं, तिला स्वतःचं न्हाई म्हनून. ठकूमावशी एकदा त्यांच्यावर धावून गेली, "पान्याला मी गेले व्हते, मला बोला," म्हनाली, पन ठकूमावशीला कोन बोलतं, ती गावची. दवाखान्यात कोनी येईना. मालक दोन दिवसांनी आले, लेकराला पाहिलं, घोंगडीवर बसले. मी इचारलं, आता हिला कुठं ठेवू? ते म्हनाले, "मी इथं नसतो गंगू. तुला जे दिसतं ते मला दिसत न्हाई. तूच ठरव." अन् मेंढरांकडं माघारी गेले.

मी कांतीला कामावर न्यायला लागले. बाभळीखाली. तिचं अंग अजून संध्याकाळी कढत व्हायचं. दगड फोडताना माझं ध्यान हातोड्यावर नसायचं.

शिष्टरबाई रोज सांजच्याला घरी यायची, लेकराला हात न लावता लांबून बघायची, मीठसाखरेचं पानी ठेवून जायची. "पाज," एवढंच. मी पाजायची.

मंग एका सकाळी मी कामावर निघाले तर फाट्यावर ती उभी, ट्रंक बाजूला, छत्री हातात. औंढ्याची यष्टी यायची येळ. मी थांबले. कांती माझ्या कडेवर.

"मी औंढ्याला जाते," ती म्हनाली. "डॉक्टरसाहेबाला सांगते, बदली करा. तिथून गावाला जाईन थोडे दिवस."

मी म्हनले, "लोकाचं काय मनावर घेता."

"लोकाचं नाही." तिनं बाभळीच्या दिशेनं हात केला. "गंगू, तू मोळेला झाडाखाली ठेवते. ते पण ऊन आहे. ते पण हेच वारा आहे. मी आता मावळत बंद ठेवीन, मला आता समजते. पण तू मोळेला माझ्याकडे ठेवली तर मी राहते. नाही ठेवली तर मी इथं काय करू, इथली कोणती आई मला लेकरू देणार? तू दिलं तर बाकीच्या देतील. तू सांग. मी राहू?"

यष्टी वळनावर दिसली, धुरळा उडवत. मला उत्तर द्यायला तेवढाच येळ व्हता. कांतीनं तिला पाहिलं. तिला काय कळतं, सात महिन्यांचं लेकरू. तिनं दोन्ही हात पुढं केले अन् पुऱ्या अंगानं तिच्याकडं वाकली, मला तिला कमरेला धरून ठेवावं लागलं. शिष्टरबाईनं हात पुढं केले न्हाईत. छत्री दोन्ही हातांनी धरून ठेवली अन् माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. माझ्या हाताला कांतीचं पोट लागत व्हतं, अन् मला कळंना की ते नेहमीसारखं ऊन आहे का जास्त.

मी काई बोलले न्हाई. व्हय न्हाई, न्हाई बी न्हाई.

कंडक्टरनं ट्रंक वर घेतली. ती चढली. खिडकीशी बसली, पन माझ्याकडं न पाहता लेकराकडं पाहिलं, अन् ओठ हालले, मोळे म्हनली असंल. मंग धुरळा आला अन् मी कांतीच्या तोंडावर पदर टाकला.

ती परत आली न्हाई. दवाखान्याला कुलूप आहे. कांती आता चालती, धावती, उन्हाचं तिला जमत न्हाई एवढंच. अन् मला परत दिवस गेलेत, वैशाखातच भरतील, अन् मी परत तशीच भेलेली आहे, अन् माझं डोकं मांडीवर घ्यायला ह्या खेपेला कोनी न्हाई. ठकूमावशी म्हनती, तू एक शब्द बोलली असतीस तर ती राहिली असती. मी रोज त्या फाट्यावरून जाते.

तुमी बाया आहात, तुमाला लेकरं आहेत. लेकरू कडेवर तापलेलं, ते तिच्याकडं झेपावतं, यष्टी येऊन उभी राहिलीय, अन् ती इचारते, मी राहू? तुमी काय म्हनल्या असत्या?